घराणेशाही: बंदी कशावर घालायची आणि चौकशी कशाची करायची?

मांजराकाठ

घराणेशाहीविरुद्ध कायदा हवा असं म्हणणारे आता सगळ्याच पक्षांत भेटतात. नेमका कोणता कायदा, असं विचारलं की बोलणं अडतं. ते जिथं अडतं तिथून पुढं बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. नेत्याच्या मुलानं किंवा मुलीनं निवडणूक लढवण्यावर बंदी नको. पण खुर्चीवर बसलेल्या माणसानं सरकारी नोकरी, महामंडळावरचं पद, रस्त्याचं काम किंवा भूखंड घरच्याच माणसाला दिला, तर त्याची चौकशी झालीच पाहिजे. नातं लपवून दिला असेल तर पद गेलं पाहिजे. आपण पहिल्या गोष्टीवर तावातावानं भांडतो आणि दुसरी बिनबोभाट चालू राहते.

मी लातूरकडचा. बरीच वर्षं सभांच्या सतरंज्या उचलल्या आहेत, त्यामुळे तिकीट कसं ठरतं ते जवळून पाहिलंय. २०१९ ला लातूर ग्रामीणमधून विलासराव देशमुखांचे चिरंजीव धीरज देशमुख निवडून आले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर माणूस नव्हता, नोटा होता. २७,५०० मतं. युतीच्या जागावाटपाची नाराजी त्यात होती हे मान्य, पण लोकांना राग दाखवायला तेवढंच एक बटण उरलं होतं. २०२४ ला समोर तयारीचा उमेदवार आला आणि याच मतदारसंघानं रमेश कराडांना निवडून दिलं. नगरला विखे पाटलांच्या चौथ्या पिढीला नीलेश लंकेंनी लोकसभेत हरवलं. माहीममध्ये अमित ठाकरे तिसऱ्या क्रमांकावर गेले. मतदार घराणं बघून डोळे मिटतो हा आरोप मला पटत नाही. त्याच्यापुढं दुसरा माणूस उभा करायला पक्ष तयार नसतात, ही खरी अडचण.

आता कायद्याकडं या. ग्रामपंचायत सदस्याच्या घरात आपला कायदा किती आत शिरतो बघा. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं झाली तर सदस्यत्व गेलं. घरात शौचालय आहे आणि ते वापरतो, याचा दाखला द्यावा लागतो. सरकारी जागेवर अतिक्रमण केलेलं असेल तर अपात्र, आणि ते अतिक्रमण घरच्या मंडळींनी केलेलं असलं आणि सदस्य तिथं राहत असला तरी अपात्रच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं. म्हणजे सासऱ्यानं गायरानात बांधलेल्या दोन खोल्यांपायी सुनेचं सरपंचपद जाऊ शकतं.

आमदार-खासदारांसाठी काय आहे? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९-अ. त्यात सरकारशी ठेका स्वतः केलेला असेल तर अपात्रता. मुलाच्या नावावर कंपनी, मेव्हण्याच्या नावावर क्रशर, तर त्या कलमाला ते दिसत नाही. गावातल्या सुनेला एक न्याय आणि मंत्र्याला दुसरा, हे मला सहन होत नाही.

सडेतोड

मांजराकाठ, लेख चांगला आहे, पण तुम्ही निम्म्यावर थांबलात. उमेदवारीवरच बंदी हवी. नांदेड घ्या. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री, मुलगा अशोकराव मुख्यमंत्री, २०१४ ला भोकरमधून सूनबाई आमदार, २०२४ ला त्याच भोकरमधून नात आमदार. पक्ष बदलला, मतदारसंघ घरातच राहिला. पुसदला वसंतराव नाईक आणि पुतणे सुधाकरराव, दोघंही मुख्यमंत्री, आणि पुढची पिढी अजून तिथंच. बारामतीत २०२४ मध्ये लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय आणि विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या. मतदारानं निवड कशातून करायची? आडनाव एकच.

काँग्रेसनं मे २०२२ मध्ये उदयपूरच्या शिबिरात एक कुटुंब, एक तिकीट असं ठरवलं होतं. दुसऱ्यानं पक्षात पाच वर्षं काम केलं असेल तर चालेल, अशी पळवाटही तिथंच ठेवली. पक्ष स्वतःहून हे करणार नाहीत. फिलिपिन्सच्या राज्यघटनेत तर राजकीय घराण्यांवर सरळ बंदी लिहिली आहे. त्यांना जमलं ते आपल्याला का नाही?

दवावची_विद्यार्थिनी

सडेतोडकाका, मी फिलिपिन्समध्येच, दवाव शहरात एमबीबीएसला आहे. आमच्या कॉलेजात मराठी मुलंमुली बरीच आहेत, त्यामुळे इथलं राजकारण आम्ही रोज बघतो. घटनेत लिहिलंय हे खरं. १९८७ ची घटना, हुकूमशहा मार्कोस गेल्यानंतरची. पण वाक्य असं आहे की राज्य घराण्यांना मनाई करेल, 'कायद्यानं व्याख्या केली जाईल त्याप्रमाणे'. ती व्याख्या करायची कुणी? संसदेनं. आणि संसदेत बसलेत कोण? तीच घराणी. इतक्या वर्षांत तो कायदा झाला नाही.

दवावमध्ये रॉड्रिगो दुतेर्ते कित्येक वर्षं महापौर होते. मग मुलगी सारा महापौर झाली. २०२२ ला ती देशाची उपराष्ट्राध्यक्ष झाली आणि धाकटा भाऊ सेबास्तियन महापौर. मोठा भाऊ खासदार. मे २०२५ मध्ये वडील हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत होते, तरी पुन्हा महापौर म्हणून निवडून आले आणि सेबास्तियन उपमहापौर. मार्कोस गेले म्हणून घटना लिहिली, आणि २०२२ ला मार्कोसांचा मुलगाच राष्ट्राध्यक्ष झाला.

आणखी एक सांगते, कारण आपल्याकडे कुणी मुदतीची मर्यादा सुचवेल. इथं महापौराला सलग तीनच मुदती मिळतात, प्रत्येकी तीन वर्षांच्या. घराणी मोडतील असं वाटलं होतं. उलट झालं. मुदत संपली की बायको उभी राहते, मग मुलगा, मग पुन्हा स्वतः. जिथं आधी एक माणूस लागायचा तिथं आता अख्खं घर राजकारणात आलं.

एकाच ठिकाणी बंदी खरी उतरली. २०१६ मध्ये तरुणांच्या गाव परिषदेसाठी कायदा झाला. पदावरच्या कुणाचं जवळचं नातं असेल तर त्या परिषदेला उभं राहता येत नाही. म्हणजे इथंही नियम सगळ्यात खालच्या पायरीवर. मांजराकाठ जे सरपंचाबद्दल म्हणतात तेच.

मांजराकाठ

ताई, हा शेवटचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. फार मोलाचा आहे.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. २०२२ च्या आमच्या विधानसभेत ४० आमदार, त्यात तीन जोडपी नवरा-बायकोची. पर्ये आणि वाळपई राणे, कळंगुट आणि शिवोली लोबो, पणजी आणि ताळगाव मोन्सेरात. सहा जागा तीन घरांत. सगळे निवडून आलेले, कुणाची नेमणूक नव्हे, त्यामुळे मी त्यांच्यावर बेकायदा असा शब्द वापरणार नाही.

पण त्याच निवडणुकीत पणजीत माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल पर्रीकरांना तिकीट नाकारलं, ते अपक्ष उभे राहिले आणि थोडक्या मतांनी हरले. एका घरात दोन तिकिटं चालतात, दुसऱ्या घरात एकही नाही. नियम असा नाहीच, जिंकण्याची ताकद ज्याच्याकडे त्याला तिकीट. आणि ही ताकद पंचायत, जमीन आणि कंत्राटं हातात असल्यावर येते. छोट्या मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार. त्यातल्या किती घरांत सरकारी नोकरी लावून दिली यावर गोव्यात निवडणूक फिरते. म्हणून मांजराकाठ यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. नोकरभरती स्वच्छ झाली तर घराण्याची अर्धी ताकद जाईल.

माजी_सदस्या

मी पंचायत समितीची एक मुदत पूर्ण केली आहे. राखीव जागा होती म्हणून उभी राहिले, सासरे राजकारणात होते म्हणून तिकीट मिळालं. हे सरळ सांगते, कारण या धाग्यावर बंदी मागणाऱ्यांनी ती कुणावर पडेल याचा विचार करावा.

आमच्या तालुक्यात ज्या बाईच्या घरात कुणीच राजकारणात नाही, तिला मीटिंगला जायलाही घरून परवानगी मिळत नव्हती. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. त्यातल्या कितीजणी कुणाची तरी सून, बायको, लेक म्हणून आल्या आणि मग कामाला लागल्या! पहिलं वर्षभर मी पण गप्प बसायची. नंतर पाणीपुरवठ्याची बिलं वाचायला शिकले आणि सासऱ्यांच्या माणसालाच अडवलं. नातेवाईक म्हणून उभं राहायचं नाही असा कायदा असता तर मी घरातच असते आणि माझे दीर त्या गटातून दुसऱ्या कुणाच्या नावावर कारभार करत असते.

मात्र बायकोच्या खुर्चीवर नवरा बसतो त्याची चौकशी अवश्य करा. सरपंचपतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं समिती नेमली आणि तिनं २०२५ मध्ये अशा नवऱ्यांवर जरब बसेल असा दंड सुचवला. तिथं मारा फटका. बाईला उभं राहू द्या, तिच्या जागी सही करणाऱ्याला धरा.

सडेतोड

ताई, तुमचा अनुभव वाचून मला थांबून विचार करावा लागला. पण तुमच्यासारख्या किती आणि नुसत्या सहीपुरत्या किती? आणि तुमच्याजागी घरचं पाठबळ नसलेली एखादी शिकलेली मुलगी उभी राहू शकली असती, तिचं काय? ती तर मोजलीच जात नाही.

अंधेरी पूर्वची २०२२ ची पोटनिवडणूक आठवा. आमदाराचं निधन झालं, पत्नी उभी राहिली, महाराष्ट्राची परंपरा म्हणून भाजपनं उमेदवार मागे घेतला. त्या बाईंबद्दल मला आदरच आहे. पण मतदारांचं काय झालं? तिथंही नोटा दुसरा, १२,८०६ मतं. सहानुभूती माणसाला द्यावी, मतदारसंघ वारसाहक्कानं देऊ नये.

माजी_सदस्या

मैदान मोकळं सोडण्याच्या बाबतीत तुमचं बरोबर. समोर कुणी असलंच पाहिजे. जिंकलेल्यालाही त्याशिवाय मान मिळत नाही.

विधिज्ञा

उशिरा आले, पण कायद्याचे दोन-तीन धागे सोडवून द्यावेसे वाटतात.

बंदी घटनाबाह्य ठरेल असं सर्रास सांगितलं जातं. ते तितकं सोपं नाही. हरियाणाचा दोन अपत्यांचा नियम सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये आणि पंचायतीसाठी शिक्षणाची अट २०१५ मध्ये वैध ठरवली. निवडणूक लढवणं हा मूलभूत हक्क नाही असं २००३ च्या निकालात म्हटलं आहे. मला स्वतःला हे निकाल पटत नाहीत, कारण त्यांनी गरीब बायका बाहेर फेकल्या गेल्या. पण त्यांच्या आधारे उद्या कुणी नातेवाईकबंदी आणलीच, तर ती न्यायालयात टिकूही शकते. इंडोनेशियात उलटं झालं. पदावरच्या प्रांतप्रमुखाच्या नातेवाईकांना उमेदवारीबंदी घातली होती, ती तिथल्या घटना न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केली. पुढं २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं वयाची अट सैल केली आणि राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचा उपराष्ट्राध्यक्षपदाचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा सरन्यायाधीश होते राष्ट्राध्यक्षांचे मेव्हणे. नैतिकता मंडळानं त्यांना सरन्यायाधीशपदावरून काढलं, निकाल मात्र कायम राहिला. मला यातून दिसतं ते हे, की नात्यातल्या माणसाच्या बाबतीत निर्णय घेताना उठून बाहेर जायचं, हा नियम उमेदवारीच्या बंदीपेक्षा जास्त कामाचा आहे.

आता चौकशीचं. यासाठी केरळ बघा, कारण दोन प्रकरणं शेजारी ठेवता येतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये उद्योगमंत्री ई. पी. जयराजन यांनी पक्षाच्याच खासदारबाईंच्या मुलाला, जो त्यांच्या नात्यातला, सरकारी कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक नेमलं. गदारोळ झाला, राजीनामा द्यावा लागला, दक्षता विभागानं भ्रष्टाचार कायद्याखाली गुन्हा नोंदवला. पुढं तो गुन्हा टिकला नाही, कारण कुणाला आर्थिक लाभ झाल्याचं दाखवता येईना. २०१८ मध्ये ते पुन्हा मंत्री झाले.

दुसरे के. टी. जलील. अल्पसंख्याक विकास वित्त महामंडळात महाव्यवस्थापकपदी चुलतभाऊ नेमला, त्यासाठी पदाच्या पात्रतेत बदल केला. हे प्रकरण लोकायुक्तांकडे गेलं. तिथं लाभाचा हिशोब मांडावा लागत नाही, पदाचा गैरवापर आणि पक्षपात सिद्ध झाला तरी पुरे. एप्रिल २०२१ मध्ये लोकायुक्तांनी ते पदावर राहण्यास पात्र नाहीत असं जाहीर केलं, चारच दिवसांत राजीनामा आला. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही.

तेच कृत्य, वेगळा दरवाजा, वेगळा निकाल. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातून तर २०१८ च्या दुरुस्तीनं कलम १३(१)(ड) वगळलंच. पदाचा गैरवापर करून दुसऱ्याला फायदा करून देणं त्यात येत होतं. आता लाच किंवा संपत्ती दाखवा, नुसती मेहेरनजर पुरत नाही. म्हणून 'चौकशी करा' म्हणताना कोणत्या कायद्याखाली हे विचारलंच पाहिजे.

आणि केरळनं पुढं काय केलं तेही सांगते. लोकायुक्ताच्या ज्या कलमानं जलील गेले, त्यालाच २०२२ मध्ये दुरुस्ती करून मंत्र्याबाबतचा अंतिम निर्णय मुख्यमंत्र्यांच्या हाती दिला. २०२४ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. आपल्या राज्यानं १९७१ मध्येच लोकायुक्त कायदा केला, पण तो शिफारशीपुरता. नवं विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ ला आणि परिषदेत डिसेंबर २०२३ ला मंजूर झालं. इथल्या लोकांनी आग्रह धरायचा असेल तर तो इथं धरावा, की नातेवाईकाची नेमणूक हा गैरवापर म्हणून स्पष्ट शब्दांत लिहा.

निवृत्त_गुरुजी

विधिज्ञाताई, तुम्ही मंत्र्यांचं बोललात. मी शाळेचं बोलतो, कारण सामान्य घराला घराणेशाहीचा चटका पहिल्यांदा तिथं बसतो. अनुदानित शाळेत पगार सरकार देतं आणि नेमणूक संस्था करत होती. संस्थाचालक आमदार, सचिव त्यांचा भाऊ, आणि शाळेत भाचे, सुना, जावई. मी ज्या संस्थेत होतो तिथं माझ्यापेक्षा हुशार, बीएडला वरचा वर्ग मिळवलेला मुलगा जागेसाठी वाट बघून बघून शेवटी भाजीच्या गाडीवर गेला, आणि त्या जागेवर चालकांच्या घरातलं माणूस आलं. जाहिरात फक्त कागदावर. कुणावर खटला नाही, कारण काही बेकायदा दिसत नव्हतं.

मग २०१७ मध्ये शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता परीक्षा आणि पवित्र पोर्टल आलं. उशीर, गोंधळ, न्यायालयीन स्थगिती, सगळं झालं. मुलाखतीचा रस्ताही संस्थांना ठेवला. तरीही परीक्षेचे गुण सगळ्यांना दिसतात, यादी सगळ्यांना दिसते, एवढ्यानंही खूप फरक पडला. शेतमजुराची मुलगी विनापैसा, विनावशिला शिक्षिका झालेली मी पाहिली. मला वाटतं शिक्षेपेक्षा हे मोठं. जिथं निवड बंद खोलीत होते ती खोली उघडा. जिल्हा बँक, बाजार समिती, साखर कारखाना, दूध संघ, सगळीकडे भरतीला अशीच परीक्षा लावा.

मांजराकाठ

गुरुजी, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. असा मुलगा प्रत्येक तालुक्यात आहे, आणि मला या धाग्यात त्याच्याबद्दलच बोलायचं होतं.

चर्चेनंतर माझं म्हणणं जरा नेमकं झालंय. फ्रान्सनं २०१७ मध्ये काय केलं ते आठवलं. माजी पंतप्रधान फियों यांनी पत्नीला संसदीय सहायक म्हणून पगार दिला, काम मात्र दिसेना. त्यांना २०२० मध्ये दोषी ठरवलं. पण निकालाची वाट न बघता तिथं २०१७ मध्येच कायदा झाला: मंत्र्यानं वा खासदारानं पती-पत्नी, आईवडील, मुलं यांना सरकारी पैशातून सहायक नेमायचं नाही, नेमलं तर तीन वर्षं कैद आणि ४५,००० युरो दंड. निवडणूक लढवायला कुणालाही मनाई नाही. मला असाच सरळ कायदा इथं हवा, फक्त सहायकापुरता नाही, ठेका आणि महामंडळापर्यंत.

विधिज्ञाताई, नातेवाईक म्हणजे कोण, याची व्याख्या कुठून घ्यावी?

विधिज्ञा

तयार व्याख्या कंपनी कायदा, २०१३ मध्ये आहे. पती-पत्नी, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण, शिवाय एकत्र कुटुंबातले सदस्य. याच कायद्याच्या कलम १८८ मध्ये संचालकाच्या नातेवाईकाला कंपनीत लाभाचं पद द्यायचं तर मंडळाची आणि ठरावीक मर्यादेपुढं भागधारकांची मंजुरी लागते. खाजगी पैशाला एवढं कुंपण, तर जनतेच्या पैशाला का नको?

सडेतोड

या यादीत पुतण्या नाही. भाचा नाही. मेव्हणा नाही. महाराष्ट्रात पुतण्या सोडून कायदा करणार असाल तर राहू द्या.

मांडवीतीर

शंभर टक्के सहमत. व्याही पण घाला.

विधिज्ञा

रास्त आहे. जलील प्रकरणातही चुलतभाऊच होता आणि कंपनी कायद्याच्या यादीत तो बसला नसता. रक्ताच्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत आणि लग्नाच्या नात्यात दुसऱ्यापर्यंत असं लिहिलं तर पुतण्या, भाचा, चुलत-मावस भावंडं आणि मेव्हणे येतात. व्याह्यांसाठी वेगळी ओळ लिहावी लागेल.

माजी_सदस्या

नातं असलं की बंदी, असं मात्र करू नका. खेड्यात सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात. आमच्या गावात तर एकाच भावकीची दोनशे घरं आहेत. नातं जाहीर करायचं, निर्णयाच्या वेळी बाहेर बसायचं, आणि लपवलं तर पद सोडायचं. एवढं गावात चालेल.

मांजराकाठ

माजी_सदस्या ताई, मान्य. मसुद्यात हेच लिहू.

एक शंका राहिली. उमेदवाराच्या शपथपत्रात नातेवाईकांचे ठेके दाखवावे लागतात ना?

विधिज्ञा

हो, फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विधानसभा-लोकसभेच्या शपथपत्रात उमेदवार, पती-पत्नी आणि अवलंबितांचे सरकारी ठेके आणि उत्पन्नाचे स्रोत लिहावे लागतात. अडचण 'अवलंबित' या मर्यादेत आहे. तीस वर्षांचा स्वतःची फर्म असलेला मुलगा अवलंबित नाही, म्हणून त्याचा ठेका त्या कागदावर येत नाही. कायदा बदलायची वाट न बघता इतकं करता येईल: तुमच्या आमदाराचं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, मतदारसंघातल्या रस्त्याच्या कामांवर ठेकेदाराच्या नावाचे फलक असतात ती नावं टिपा, आणि त्या फर्मच्या भागीदारांची नावं माहिती अधिकारात बांधकाम विभागाकडे मागा. ठेकेदार नोंदणीच्या कागदांत ती असतात.

निवृत्त_गुरुजी

आमच्या तालुक्यातल्या फलकांची यादी मी करतो. अर्जाचा नमुना कुणी इथं टाकेल का?

विधिज्ञा

उद्या संध्याकाळपर्यंत टाकते, गुरुजी. कामाचं नाव आणि वर्ष नीट लिहून आणा, मोघम अर्ज परत येतो.